लाल हरणाचं शिंग कुणाच्या जिवावर वाढतं?

स्कॉटलंडच्या उजाड डोंगराळ भागात अधूनमधून लाल हरणाचा एखादा नर असा निपजतो की त्याला जन्मभर शिंगं फुटतच नाहीत. तिथले लोक त्याला ‘हमेल’ म्हणतात. शिकारीच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या रखवालदारांचा या नरावर पूर्वापार राग. बिनशिंगी नराला माद्या मिळाल्या तर पुढची पिढीही बिनशिंगीच निघणार, आणि मग शिंगांसाठी पैसे मोजणारे शिकारी इकडे फिरकतील कशाला, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे हमेल दिसला की पहिली गोळी त्याला.

१९७० च्या दशकात जेराल्ड लिंकन आणि जॉन फ्लेचर या संशोधकांनी असा एक हमेल पकडून ठेवला आणि त्याच्यापासून माद्यांना पिल्लं होऊ दिली. त्यातल्या नरांना वेळ आली तशी व्यवस्थित शिंगं फुटली. पुढचा प्रयोग तर आणखी भारी. हरणाचं शिंग कपाळावरच्या हाडाच्या एका छोट्या खुंटावर उगवतं. हमेलच्या अर्धवट वाढलेल्या खुंटाचं टोक त्यांनी कापलं, आणि जखम भरता भरता तिथून चक्क शिंग वर आलं. म्हणजे शिंग उगवायची सगळी तयारी त्या नराच्या अंगात जन्मापासून होती. लहानपणी पोटाला पुरेसं मिळालं नाही, खुंट हवा तेवढा वाढला नाही, म्हणून पुढचं काम कधी सुरूच झालं नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

रखवालदार पिढ्यान्‌पिढ्या ज्याला खानदानी दोष समजत होते, ती बहुधा बालपणीच्या उपासमारीची खूण होती. लाल हरणाच्या बाबतीत हा घोळ वारंवार होतो. देखणा नर दिसला की आपण त्याच्या रक्ताचं कौतुक करतो. पण त्याची शिंगं, त्याचं वजन, त्याला होणारी पिल्लं, इतकंच काय, आईच्या पोटी तो नर म्हणून आला की मादी म्हणून, या प्रत्येक गोष्टीत गवताचा, पावसाचा आणि आजूबाजूच्या हरणांच्या गर्दीचा हात असतो. हे आपल्याला इतक्या बारकाईनं कळलं ते मुख्यतः एका बेटामुळे.

रम नावाचं बेट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, इनर हेब्रिडीज द्वीपसमूहात रम हे साधारण शंभर चौरस किलोमीटरचं बेट आहे. १८२६ मध्ये तिथल्या कुळांना जहाजात बसवून कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाकडे पाठवण्यात आलं आणि रिकाम्या जमिनीवर मेंढ्या सोडल्या गेल्या. पुढे ते श्रीमंतांचं शिकारीचं बेट झालं. बेटावरची मूळची हरणं त्याआधीच संपली होती, त्यामुळे शिकारीसाठी नवी आणून सोडली. १९५७ मध्ये सरकारच्या निसर्गसंवर्धन संस्थेनं बेट विकत घेतलं.

बेटाच्या उत्तर टोकाला किलमोरी खोरं आहे. तिथे जवळजवळ बारा चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातलं एकेक हरीण संशोधक ओळखतात. अगदी नावागावासकट म्हणा ना. पाडस जन्मलं की काही तासांत त्याला गाठायचं, वजन करायचं, कानाला खूण करायची, आणि मग ते मरेपर्यंत त्याच्या नोंदी ठेवायच्या. कुणाची आई कोण, कोण कुठे चरतं, कुणाशी भांडतं, कुठल्या हिवाळ्यात गेलं, सगळं वहीत. टिम क्लटन-ब्रॉक आणि फिओना गिनेस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम पद्धतशीर मांडलं. पुढे जोसेफिन पेंबर्टन, लूस्के क्रूक यांच्यासारख्या संशोधकांनी त्याला जनुकांची जोड दिली. आज तिथल्या हरणांची अनेक पिढ्यांची वंशावळ तयार आहे. आपल्यापैकी किती जणांना पणजीच्या आईचं नाव सांगता येईल, हा प्रश्न इथे मनात येतोच.

या खोऱ्यात सगळी जमीन सारखी नाही. बहुतेक भाग दलदलीचा, आम्लधर्मी मातीचा आणि निकृष्ट गवताचा. पण समुद्राजवळ, शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू मिसळलेल्या जमिनीवर, आखूड, रसरशीत, हिरवंगार गवत उगवतं. खोऱ्यातल्या माद्यांचं सगळं राजकारण या हिरव्या तुकड्यांभोवती फिरतं. ज्यांचा वावर त्यांच्या जवळ, त्यांची पिल्लं जास्त जगतात.

बाकी बेटावर क्षारांची किती मारामार आहे, याचा एक पुरावा अंगावर काटा आणणारा आहे. रमच्या डोंगरमाथ्यांवर मँक्स शीअरवॉटर या समुद्रपक्ष्यांची प्रचंड वसाहत आहे. एक लाखाहून जास्त जोड्या बिळांतून घरटी करतात. रात्री बिळाबाहेर आलेल्या पिल्लांची डोकी आणि पाय हरणं चावून खातात. हो, हरणंच. मांसाची चटक म्हणून हे चाललेलं नसावं. शरीराचा मऊ भाग तसाच टाकून ती हाडं तेवढी खातात, म्हणून हा कॅल्शियमसारख्या क्षारांचा शोध असल्याचं मानलं जातं. गवतात जे मिळत नाही ते पक्ष्याच्या हाडातून काढायचं.

क्षारांची एवढी गरज कशाला? नराच्या बाबतीत उत्तर डोक्यावरच असतं. गाईबैलाची शिंगं आयुष्यभर टिकतात, हरणाची दर वर्षी गळून पडतात. ताडोबा-नागझिऱ्याच्या जंगलात चितळाची, सांबराची गळालेली शिंगं ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे माहीत आहे. लाल हरणाचा नर मार्च-एप्रिलमध्ये शिंगं टाकतो आणि लगेच नवी उगवायला लागतात. रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मखमली कातडीखाली ती उन्हाळाभर वाढतात. ऑगस्टच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक चढतं, शिंग टणक होतं, वरची कातडी वाळते आणि नर ती झाडाझुडपांवर घासून काढतो. काही महिन्यांत एवढं हाड उभं करायचं तर चाऱ्यातले क्षार पुरत नाहीत, म्हणून शरीर ते स्वतःच्या बरगड्यांसारख्या हाडांतून उसने घेतं आणि नंतर भरून काढतं. ज्या वर्षी चाऱ्याची आबाळ, त्या वर्षीची शिंगंही बेताचीच.

ओरडण्याची कुस्ती

सप्टेंबरच्या अखेरीस माजाचा काळ सुरू होतो. एरवी नर आपापल्या टोळक्यांत गुण्यागोविंदानं राहतात. आता प्रत्येक जण दुसऱ्याचा वैरी. धिप्पाड नर माद्यांचा एक घोळका वेढून बसतो, आणि बाकीचे तो पळवायला टपलेले असतात. मादी माजावर असते ती फार तर एखादा दिवस. त्यामुळे नराला आठवडेच्या आठवडे पहारा द्यावा लागतो. या काळात तो जवळजवळ खातच नाही. हंगाम संपेपर्यंत अंगाचा पाचवा हिस्सा झडलेला असू शकतो, आणि लगेच पुढे हिवाळा उभा.

शिंगांची लढाई फोटोत छान दिसते, पण नर तिच्यापर्यंत सहजासहजी जात नाहीत. कारण उघड आहे. रमच्या नोंदींनुसार दर वर्षी सुमारे २३ टक्के प्रौढ नरांना माजाच्या काळात काही ना काही दुखापत होते आणि ६ टक्क्यांपर्यंत नर कायमचे जायबंदी होतात. एखादा डोळा जातो, एखादा पाय जातो. शिवाय मालक झुंजीत गुंतलेला असताना तिसराच कुणी येऊन माद्या घेऊन जातो, ते वेगळंच.

म्हणून आधी ओरडून पाहायचं. आव्हान देणारा लांबून डरकाळी फोडतो, मालक उत्तर देतो. मग दोघांचा वेग वाढत जातो, मिनिटाला एक-दोन डरकाळ्यांवरून कितीतरी जास्त. क्लटन-ब्रॉक आणि स्टीव्ह अल्बन यांनी १९७९ मध्ये मांडलेला मुद्दा असा, की हे सोंग आणता येत नाही. सलग डरकाळ्या फोडायला छाती आणि मान यांच्या स्नायूंत तेवढं बळ असावं लागतं, आणि झुंजीलाही तेच बळ लागतं. जो आधीच थकलाय तो ओरडण्यातच उघडा पडतो. बऱ्याचदा आव्हानवीर इथेच काढता पाय घेतो. नाही घेतला तर दोघं शेजारी शेजारी, ताठ मानेनं, एकाच दिशेनं चालत सुटतात. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे, मिनिटामागून मिनिटं. आपण पाहत असलो तर वाटेल की दोघं फिरायला निघालेत. खरं तर एकमेकांचा अंदाज घेणं चालू असतं. मग अचानक एक जण वळून मान खाली घालतो आणि शिंगाला शिंग भिडतं.

डरकाळीत आणखी एक गंमत दडलेली आहे. ओरडताना नर मान लांबवतो आणि त्याचं स्वरयंत्र गळ्यातून खाली खाली सरकत छातीच्या हाडापर्यंत जातं. पोकळी लांबली की आवाज अधिक खर्जातला, म्हणजे अधिक मोठ्या जनावराचा वाटतो. सगळेच नर ही युक्ती वापरतात. पण स्वरयंत्र छातीच्या हाडापलीकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे शेवटी लांब मानेचा, मोठ्या अंगाचा नरच सगळ्यात जड आवाज काढतो. खाली सरकणारं स्वरयंत्र ही माणसाचीच मिरास आहे असं भाषेचे अभ्यासक बराच काळ धरून चालले होते. टेकमसेह फिच आणि डेव्हिड रेबी यांनी २००१ मध्ये हरणाच्या गळ्यावरूनच तो समज मोडीत काढला.

हा आवाज नुसता नरांसाठी नाही. कॅरन मॅककोम यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की नरांच्या डरकाळ्यांचं ध्वनिमुद्रण सतत ऐकवलं तर माद्या काही दिवस लवकर माजावर येतात. मादी लवकर गाभण राहिली की पाडस लवकर जन्मतं आणि हिवाळ्यापूर्वी त्याला अंग धरायला जास्त दिवस मिळतात. एका नराचा आवाज मादीच्या शरीरातल्या घड्याळावर चालतो, आणि त्याचा परिणाम पुढच्या वर्षीच्या पाडसाच्या तब्येतीवर!

एवढं करून नराचा भरभराटीचा काळ तो किती? साधारण सातव्या ते दहाव्या वर्षापर्यंत. त्याआधी मोठे टिकू देत नाहीत, नंतर शरीर साथ देत नाही. कित्येक नर एकाही पिल्लाचे बाप न होता मरतात.

माद्यांची मुकी स्पर्धा

नरांची झुंज कॅमेऱ्यात येते म्हणून तिच्यावर सगळ्यांचं लक्ष. माझ्या मते खरी कथा माद्यांची आहे. माद्या ओरडत नाहीत. एक मादी चरत असते, दुसरी जवळ येते, पहिली चार पावलं बाजूला सरकते. बस, झाली स्पर्धा. वर्षभर, रोज, त्या हिरव्या तुकड्यांवर हेच चालतं. मुली आईच्याच परिसरात राहतात, त्यामुळे आई, मुली, नाती असा मातृवंशाचा गोतावळा एका भागात जमतो. मुलगे दोन-तीन वर्षांचे झाले की बाहेर पडतात.

ही मुकी स्पर्धा वाढली की काय होतं, हे रमवर प्रत्यक्ष पाहायला मिळालं. आधी बेटावर दर वर्षी साधारण सहावा हिस्सा हरणं मारली जायची. १९७२ च्या सुमारास किलमोरीच्या भागात हे बंद केलं. लांडगे तिथे नाहीतच. पुढच्या दहा-बारा वर्षांत माद्यांची संख्या दुपटीच्या वर गेली आणि मग थांबली. नेमकं कशानं थांबली, ते वह्यांत उमटलं. आधी मादी तिसऱ्या वर्षी पहिलं पाडस द्यायची, ते चौथ्यावर गेलं. ज्या मादीनं या वर्षी पाडस दूध पाजून वाढवलं, ती पुढच्या वर्षी भाकड राहण्याचं प्रमाण वाढलं. पाडसं पहिल्या हिवाळ्यात जास्त मरायला लागली. हिवाळ्याचं म्हणाल तर रमवर मारतो तो बर्फापेक्षा पाऊस आणि वारा. भिजलेल्या केसांतून ऊब निघून जाते आणि अंगावर चरबी नसेल तर फेब्रुवारी-मार्च काढणं कठीण.

पण या गर्दीचा सगळ्यात जास्त फटका बसला तो नरांना. तरुण नर जास्त मरू लागले, जास्त परागंदा झाले, आणि खोऱ्यात माद्यांच्या मानानं नर कमी उरले. राहिलेल्यांची शिंगंही हलकी झाली. असं का व्हावं? नर तर आकारानं मोठा, मादीला सहज हुसकावू शकतो. इथे जबड्याची रुंदी आड येते, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. माद्यांनी खुरटं करून ठेवलेलं गवत खायला मादीचं लहान तोंड पुरतं. तिचं पोटही लहान. नराला एका घासात तेवढंच गवत मिळतं, पण भूक कितीतरी मोठी. म्हणजे तो हाकलला जात नाही, त्याला ते कुरण परवडत नाही. तो मग उंच, जाड, निकृष्ट गवताकडे जातो. ज्या शिंगांच्या बळावर त्याला माद्या जिंकायच्या, त्यांचं खत-पाणी माद्याच कुरतडून टाकतात.

मुलगा की मुलगी

आता सगळ्यात वादग्रस्त भाग. रॉबर्ट ट्रिव्हर्स आणि डॅन विलार्ड यांनी १९७३ मध्ये एक तर्क मांडला होता. ज्या प्राण्यांत थोड्या नरांना खूप पिल्लं होतात आणि बाकीच्यांना शून्य, तिथे धडधाकट आईनं मुलगे द्यावेत, कारण तिचा मुलगा अव्वल निघू शकतो. अशक्त आईनं मुली द्याव्यात, कारण मुलीला थोडीफार तरी पिल्लं होतातच. ‘द्यावेत’ म्हणजे आई ठरवते असं नव्हे. असं घडत गेलं तर ते फायद्याचं, इतकंच.

रमवर १९८४ मध्ये नेमकं हेच सापडलं. कुरणावर वरचढ असलेल्या माद्यांना मुलगे जास्त होत होते, दबून राहणाऱ्यांना मुली. मुलगा महागही पडतो. तो जन्मतः जड, दूध जास्त ओढतो, आणि दुबळ्या आईला पुढच्या वर्षी भाकड ठेवून जातो. सिद्धांत आणि पुरावा इतका चपखल जुळला की पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

पण नोंदी चालूच होत्या. १९९९ मध्ये क्रूक आणि सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षांची आकडेवारी तपासली, तेव्हा तो संबंध विरून गेला होता. गर्दी वाढल्यावर वरचढ माद्यांनाही जास्त मुलगे होत नव्हते, आणि दाटीच्या व पावसाळी हिवाळ्यांनंतर एकूणच नर पाडसांचं प्रमाण घटत होतं. पोटातले नर गर्भ अशा हिवाळ्यात अधिक गळत असावेत, हे त्याचं संभाव्य कारण. जुना निष्कर्ष खोटा नव्हता. तो विरळ वस्तीच्या वर्षांपुरता खरा होता. मला हे अख्ख्या प्रकल्पातलं सगळ्यात प्रामाणिक काम वाटतं, कारण आपल्याच गटाच्या गाजलेल्या शोधाची हद्द यांनी स्वतः आखून दिली.

शिंगांबाबतही अशीच चकवा देणारी गोष्ट आहे. मोठ्या शिंगांच्या नरांना जास्त पिल्लं होतात. शिंगांचा आकार बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. मग पिढ्यागणिक शिंगं मोठी होत जायला हवीत ना? २००२ मध्ये तपासलं तर तसं काहीच झालेलं नव्हतं. उलगडा असा, की ज्या नराला चांगला चारा मिळाला त्याची शिंगंही मोठी आणि ताकदही जास्त. पिल्लं त्याला ताकदीमुळे होतात. शिंगं त्या खाऊनपिऊन सुखी असण्याची पाटी तेवढी मिरवतात. २००७ मध्ये आणखी एक पेच पुढे आला. जे नर सगळ्यात यशस्वी, त्यांच्या मुली आई म्हणून सरासरीनं कमी पडतात. नराला लाभणारी जनुकं मादीच्या अंगात तितकी कामाची नसतात, त्यामुळे कुठलीच एक जात कायमची सरस ठरत नाही.

मग रमवर जनुकं बदलतच नाहीत का? बदलतात. हवामान उबदार होत चाललंय तशी पाडसं लवकर जन्मायला लागली आहेत, दर दशकाला सुमारे चार दिवसांनी. यातला बराचसा फरक वसंतातल्या लवकर उगवणाऱ्या गवताचा. पण २०१९ मध्ये दिसून आलं की थोडा वाटा खऱ्याखुऱ्या उत्क्रांतीचा आहे. लवकर विणाऱ्या माद्यांची पिल्लं आयुष्यभरात जास्त होतात आणि ती जनुकं कळपात वाढत आहेत. काही दशकांत, माणसाच्या डोळ्यांदेखत.

काश्मीरमधला हंगुल, ज्याची गणना कालपर्यंत लाल हरणाच्याच उपजातीत व्हायची, त्याच्या मोजक्या उरलेल्या कळपाकडे पाहताना या सगळ्याचा उपयोग होईल का? काही प्रमाणात. हंगुलचा प्रश्न गर्दीचा नाही, नेमका उलटा आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र हे ज्ञान थेट पैशाशी जाऊन भिडतं. तिथल्या इस्टेटींचं उत्पन्न नरांच्या शिकारीवर, म्हणून माद्या राखायच्या, त्या नर देतील, अशी जुनी समजूत. रमचे आकडे सांगतात की माद्या एका मर्यादेपुढे गेल्या की नर घटतात. जास्त आणि चांगले नर हवे असतील तर माद्या मारल्या पाहिजेत. समजायला अगदी सोपं. पण माद्यांच्या शिकारीचा पूर्वापार हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. दिवस जेमतेम सहा-सात तासांचा, डोंगरावर गारठवणारा पाऊस, आणि बिनशिंगी मादीसाठी पैसे मोजणारं गिऱ्हाईक विरळा. ते काम पगारी रखवालदाराच्याच गळ्यात पडतं, आणि डोंगरावर माद्या वाढत राहतात.